शाळेच्या जुन्या कौलारू इमारतीला वाचनालय जोडायचंय: वर मजला की बाजूला खोली?

पुस्तकवाल्या_बाई

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यात, अनुदानित हायस्कुलात अर्धवेळ ग्रंथपाल आहे. शाळा पाचवी ते दहावी. इमारत १९३८ची. जांभ्याचे चिरे, दीड फूट जाडीच्या भिंती, ऐनाचे वासे, मंगळुरी कौलं आणि उत्तरेला लांबच्या लांब पडवी. सात खोल्या पूर्व-पश्चिम एका रांगेत. गावानं श्रमदानानं बांधलेली शाळा आहे. सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) खाणीतून चिरे डोक्यावरून आणले, असं म्हातारी माणसं आजही सांगतात.

आमच्याकडे दाखल रजिस्टरात ६,४०० पुस्तकं आहेत. ती सहा लोखंडी कपाटांत आहेत. तीन कपाटं मुख्याध्यापकांच्या खोलीत, दोन प्रयोगशाळेत, एक पडवीच्या टोकाला. मूल येतं, पुस्तकाचं नाव सांगतं, मी कुलूप काढून आणून देते. आता ज्या मुलाला नावच माहीत नाही, ते मागणार काय? पाचवीतली मुलं दारात उभी राहून "बाई, कुठलंही द्या" म्हणतात. मला ते 'कुठलंही' बंद करायचंय. मुलांनी स्वतः फळीपाशी जावं, चार पुस्तकं काढून चाळावीत, तीन परत ठेवावीत, एक घेऊन खाली बसावं, एवढीच खोली मला हवी आहे.

आमच्या गावच्या मुंबई मंडळानं वाचनालयासाठी १८ लाख रुपये द्यायचं कबूल केलंय. इथपर्यंत सगळं आनंदाचं. पण स्थानिक समितीचा बेत असा आहे की पूर्वेकडच्या दोन खोल्यांची कौलं उतरवायची, त्याच भिंतींवर स्लॅब टाकायचा आणि वर वाचनालय करायचं. म्हणणं असं की जागा वाचते, पायाचा खर्च वाचतो, स्लॅबचं काम पक्कं असतं आणि रस्त्यावरून शाळा उठून दिसेल. ठेकेदारही म्हणतो, "जांभ्याची भिंत आहे, काही होत नाही."

माझं मन धजत नाही. पूर्वेच्या शेवटच्या भिंतीत खिडकीच्या कोपऱ्यापासून वर तिरकी गेलेली एक जुनी चीर आहे. कोयनेच्या भूकंपात पडली असं जुने शिक्षक सांगायचे. मध्ये कधीतरी त्यावर सिमेंटचा गिलावा केला, आता तो फुगून पोकळ वाजतो. त्या भिंतीलगत सातवीचा वर्ग बसतो.

दुसरी जागा आहे. शाळेच्या पूर्व टोकापासून गडग्यापर्यंत, म्हणजे दगडी कुंपणापर्यंत, ४२ फूट मोकळी जमीन, आग्नेय कोपऱ्यात एक मोठा फणस. तिथे २० × ३० फुटांची खोली बसू शकेल असं मला वाटतं. पण जुन्याला नवं जोडलं की सांध्यात पाणी शिरतं, असं समितीतले दोघं ठामपणे सांगतात, आणि पावसाचा अनुभव त्यांनाही आहेच.

शिमग्याला चाकरमानी गावात येतील तेव्हा सभा आहे. त्याआधी जाणकारांचं मत हवंय. वर चढवणं खरोखर धोक्याचं आहे का, की मी उगाच घाबरतेय? बाजूला बांधायचं तर जुन्या भिंतीशी कसं जोडायचं? आणि सभेत बोलायला मला भीती नाही, आकडे हवेत.

निवृत्त_उपअभियंता

बाई, तुम्ही उगाच घाबरत नाही आहात. वर मजला चढवू देऊ नका. मी बांधकाम खात्यात नोकरी केली, अशा कौलारू शाळा बऱ्याच तपासल्या आहेत. कारणं सविस्तर सांगतो, म्हणजे सभेत उपयोगी पडतील.

आत्ता त्या भिंतींवर काय आहे? कौलं, रिपा, वासे. लाकडासकट सगळं धरून एका चौरस मीटरला शंभर किलोच्या आतबाहेर. भिंत तेवढ्यासाठी बांधलेली आहे. आता तिथे पाच इंची स्लॅब टाकला की नुसतं काँक्रीटच चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर जातं. लादी आणि खालचा मसाला धरून चारशे. त्यावर वाचनालय. भारतीय मानक ८७५, भाग २ पाहा: वर्गखोलीसाठी चौरस मीटरला ३ किलोन्यूटन भार धरतात, म्हणजे साधारण ३०० किलो. पुस्तकांच्या रॅकच्या जागेसाठी ६ किलोन्यूटन, म्हणजे ६०० किलो. तेही रॅक २.२ मीटर उंचीपर्यंतचे असतील तर, त्याहून उंच असतील तर आणखी वाढतं. शाळेच्या इमारतीत सर्वांत जड खोली वाचनालयाची असते, आणि तुमची समिती तीच खोली सर्वांत वर नेऊन ठेवतेय.

वरच्या मजल्याच्या भिंती आणि छप्पर धरलं तर ६०० चौरस फुटांच्या खोलीमागे नव्वद-शंभर टनांची भर पडेल. १९३८च्या खेड्यातल्या शाळेत चिरे बहुधा मातीत नाहीतर चुन्यात बसवलेले असतात आणि बाहेरून दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधल्या फटी, चुन्यानं भरलेल्या असतात. खिडकीच्या चौकटीजवळचा एक चिरा काढून आतला मसाला बोटानं चोळून पाहा. मातीसारखा सुटला तर पुढे बोलणंच नको. "जांभा आहे, काही होत नाही" हे अर्धंच खरं. चिरा मजबूत असेल, पण भिंत चिऱ्याची आणि मसाल्याची मिळून असते.

आता चीर. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर गेलेली चीर ही हादऱ्याची ठरलेली खूण आहे. पाया खचल्यानंही तशी पडते, म्हणून पाहिल्याशिवाय सांगणार नाही. पण कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७चा, आणि तुमचा भाग त्या खोऱ्यापासून लांब नाही. भूकंपात इमारतीवर येणारा जोर तिच्या वजनाच्या प्रमाणात असतो. डोक्यावर वजन जितकं जास्त तितकी भिंत आडवी ढकलली जाते. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीच्या भूकंपात काय झालं ते आठवा. दगड-मातीच्या जाड भिंती, वर धाब्याचं जड छप्पर, आणि माणसं रात्री घरात झोपलेली. तुमच्या कौलारू शाळेनं १९६७ निभावलं त्यात हलक्या छपराचा वाटा मोठा आहे. तेच काढून स्लॅब ठेवायचा, आणि खाली सातवीचा वर्ग. नको.

त्या चिरेसाठी आज करायचं काम: फुगलेला गिलावा खरवडून काढा, चीर उघडी करा, तीन ठिकाणी तिच्यावर आडव्या पातळ काचेच्या पट्ट्या प्लास्टरनं चिकटवा आणि बाजूला तारीख लिहा. पट्टी तडकली तर भिंत अजून हलतेय. पावसाळाभर तशीच राहिली तर चीर जुनी, थांबलेली. मग ती चुन्याच्या मसाल्यानं भरून, आडवे लांब चिरे घालून शिवता येते. तोवर सातवीचा वर्ग दुसऱ्या खोलीत हलवता आला तर हलवा.

बाजूला बांधा. मात्र 'जोडायचं' हा शब्द समितीच्या डोक्यातून काढून टाका. नवी खोली स्वतःच्या पायावर, स्वतःच्या चारही भिंतींसह उभी राहिली पाहिजे. गवंडी सवयीनं जुन्या भिंतीत दाते पाडून नवी भिंत त्यात गुंतवतो. ते करू देऊ नका. जुना पाया ऐंशीहून जास्त वर्षांत बसून स्थिर झालाय, नवा पहिली काही वर्षं थोडा बसणारच. दोन्ही गुंतवले की सांध्यावर चीर ठरलेली, आणि मग पाणी. समितीतले ते दोघं सांगतात ते याच चुकीच्या कामाबद्दल असणार. भारतीय मानक ४३२६ प्रमाणे दोन भागांत किमान २५ मिलीमीटर, म्हणजे एक इंच अंतर ठेवायचं. त्यात विटांचे तुकडे नाहीत, सिमेंट नाही, काही नाही.

खोदाई करण्याआधी जुन्या भिंतीलगत एक चाचणी खड्डा घ्या, तीन बाय तीन फुटांचा. जुना पाया किती खोल आहे आणि खाली कातळ लागतो की भराव, ते डोळ्यांनी दिसेल. कातळ वर असेल तर तुमचं नशीब चांगलं, पायात पैसे वाचतील. भराव निघाला तर थांबा आणि अभियंत्याला बोलवा. कोणत्याही परिस्थितीत जुन्या पायाच्या तळाखाली, त्याच्या अगदी शेजारी चर खणू नका.

नव्या भिंतीत सळ्या घातलेल्या काँक्रीटचे तीन पट्टे हवेत: जोत्यावर, खिडक्यांच्या वर लिंटलच्या (चौकटीवरच्या आडव्या तुळईच्या) पातळीला आणि छपराखाली. सलग, चारही बाजूंनी फिरणारे, कोपऱ्यात सळ्या वळवून घेतलेले. ठेकेदार लिंटल फक्त खिडकीपुरता टाकून मोकळा होतो, तिथे स्वतः उभ्या राहा.

पुस्तकवाल्या_बाई

साहेब, मनापासून आभार. चिरा काढून पाहिला. आत लाल माती, वर चुन्याची दर्ज. मुख्याध्यापकांना दाखवलं, ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. सातवीचा वर्ग त्यांनी दुसऱ्याच दिवशी प्रयोगशाळेत हलवला.

समितीतल्या एकांनी हिशेब मांडला की एका पुस्तकाचं वजन सरासरी ३०० ग्रॅम धरलं तरी ६,४०० पुस्तकं दोन टनांच्या आतच भरतात, म्हणजे एका वर्गात पन्नास मुलं बसतात तेवढंच. याला काय उत्तर देऊ?

निवृत्त_उपअभियंता

हिशेब बरोबर आहे, पण तो सगळ्या खोलीभर पसरलेला आहे. मुलं हलतात, पुस्तकं एकाच जागी वर्षानुवर्षं उभी असतात. तीन फूट रुंद, एक फूट खोल, सहा फळ्यांचा एक रॅक भरा. नुसती पुस्तकंच सव्वाशे-दीडशे किलो, वर रॅकचं लोखंड, आणि हे सगळं तीन चौरस फुटांवर. चौरस मीटरचा भाव काढलात तर सहाशेच्या घरात जातो. मानकात तो आकडा उगाच दिलेला नाही. शिवाय वाचनालय वाढतं. आज ६,४०० आहेत, चांगलं चाललं तर दहा हजार होतील, आणि तुम्हाला तेच तर हवंय.

तरीही खरा भार पुस्तकांहून स्लॅबचा आणि वरच्या भिंतींचा आहे, हे त्यांना सांगा. रिकामं वाचनालयसुद्धा त्या मातीच्या भिंतींना झेपणार नाही.

चिरा_चुना

मी सावंतवाडीकडे वास्तुविशारद म्हणून काम करतो, जुन्या चिऱ्याच्या घरांची कामं जास्त. उपअभियंता साहेबांनी ताकदीचं सगळं सांगितलंय. मी पाण्याचं आणि उजेडाचं बोलतो.

बाई, तुमच्याकडे ४२ फूट आहेत, मग नवी खोली जुन्या भिंतीला चिकटवताच कशाला? मध्ये आठ फूट सोडा. त्यापुढे वीस फूट रुंदीची खोली, लांबी उत्तर-दक्षिण तीस फूट. गडग्याकडे अजून चौदा फूट उरतात. मधल्या आठ फुटांवर फक्त हलकं छप्पर घाला, म्हणजे जुनी पडवीच पुढे चालत वाचनालयाच्या दारापर्यंत जाईल. या छपराचे खांब स्वतंत्र. ते जुन्या छपराच्या वळचणीखाली आणि नव्याच्याही वळचणीखाली, दोन्हींपेक्षा खाली असू द्या. पाणी वरून खाली पडत जाईल, कुठेही दोन छपरं एकमेकांत घुसणार नाहीत. दोन पाखे मिळून मध्ये जी खोलगट पन्हळ तयार होते, ती कोकणात हमखास गळते. वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस झेलायचा, आणि त्यात फणसाची पानं अडकतात. ती पन्हळच बनवली नाही तर गळण्याचा प्रश्नच येत नाही. समितीतल्या दोघांनाही हे लगेच पटेल, नकाशा काढून दाखवा. जुन्या पूर्व भिंतीची खिडकी, तिचा उजेड आणि साहेबांच्या काचेच्या पट्ट्या सगळं जागच्या जागी राहील, आणि भिंतीत नवं दार फोडावं लागणार नाही.

वाचायच्या खिडक्या उत्तरेला आणि पूर्वेला घ्या. पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून, पश्चिमेची बाजू जुनी इमारत सांभाळते. दक्षिणेला भिंत भरीव ठेवून तिथे रॅक लावा. वळचण तीन फूट बाहेर काढा, साडेतीन केलीत तर अजून उत्तम. उत्तरेच्या खिडक्यांच्या खाली बसता येईल असा रुंद कट्टा ठेवा. पाचवीतलं मूल खुर्चीत कमी आणि खिडकीत जास्त वाचतं, हे मी नव्यानं सांगायला नको.

छप्पर: स्लॅब नकोच. कोकणात स्लॅबची घरं बांधून पाच-सात वर्षांत लोक वर पत्र्याची शेड मारतात, गावात फिरून मोजा. म्हणजे छपराचे पैसे दोनदा. नुसता पत्राही नको. आषाढात पत्र्याखाली शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे वाचणार कोण? लोखंडी कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे), त्यावर कौलं. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्याला लागलं तेव्हा रायगडात आणि दापोली-मंडणगडकडे किती शाळांची छपरं उडाली ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून कैच्या वरच्या पट्ट्यात बोल्टनं धरा, आणि कडेच्या व आढ्याच्या कोन्याजवळच्या ओळींतली कौलं तारेनं रिपांना बांधा. जुनी कौलं कुणी फुकट देऊ केली तर आधी दोन जोडून पाहा. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत.

आतून चुन्याचा गिलावा. चिरा ओल पितो आणि सोडतो, त्याला सिमेंटनं बंद केलं की ओल आत कोंडते. तुमच्या जुन्या भिंतीचा फुगलेला गिलावा त्याचंच उदाहरण.

जोतं जुन्या पडवीच्या पातळीलाच ठेवा, मधे पायरी नको. बाहेरून चढायला उतार (रॅम्प) १:१२. जोतं दोन फूट असेल तर उताराला चोवीस फूट लांबी लागते, ती गडग्याच्या बाजूच्या चौदा फुटांत एक वळण घेऊन सहज बसते. दारं दोन, बाहेर उघडणारी. आणि शालेय पोषण आहाराचं स्वयंपाकघर कुठे आहे ते सांगितलं नाहीत. कुंभकोणमला १६ जुलै २००४ला शाळेच्या स्वयंपाकघरातून उठलेल्या आगीत ९४ मुलं गेली. चूल आणि पुस्तकं शेजारी-शेजारी नकोत.

शेवटची गोष्ट वेळेची. शिमग्यानंतर सुरू करून मृगाच्या आत खोली उभी करू असं कुणी म्हणालं तर मानू नका. या मोसमात फक्त पाया आणि जोतं. पावसात ते बसू दे. भिंती दिवाळीनंतर, छप्पर पुढच्या उन्हाळ्याआधी. घाईत चढवलेल्या कौलांखाली पुस्तकं ठेवायची नसतात.

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणची. गावातल्या एका छोट्या वाचनालयात काम करते. बांधकामातलं कळत नाही, पुस्तकांचं कळतं.

२२ जुलै २०२१चा पूर आम्ही पाहिला. आमच्या गावचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४चं, त्याची पुस्तकं २००५च्या पुरातही भिजली आणि २०२१ लाही. चिखलात चिकटलेली पानं सोडवायचा प्रयत्न ज्यांनी केलाय त्यांना विचारा. तुमची शाळा सड्याच्या बाजूला असेल तर पूर येणार नाही, पण जवळचा वहाळ आणि डोंगरउतारावरून येणारं पाणी कुठून वाहतं ते भर पावसात उभं राहून पाहिल्याशिवाय जोत्याची उंची ठरवू नका. म्हाताऱ्या माणसांना विचारा, मोठ्या पावसात पाणी कुठपर्यंत यायचं. त्यांना बरोबर आठवतं.

बाई, रॅक बाहेरच्या भिंतीला टेकवून लावू नका. सहा इंच तरी मोकळे ठेवा, म्हणजे मागून वारा फिरेल आणि मागे हात घालून वाळवीची माती दिसते का ते बघता येईल. सर्वांत खालची फळी जमिनीपासून निदान नऊ इंच वर. लाकडी रॅक पाहायला छान असतात, पण आमच्याकडची वाळवी ऐन सोडत नाही तिथे प्लायवूडचं काय. लोखंडीच घ्या, गंज न चढणारा रंग मारून. पाया भरतानाच वाळवीविरोधी औषध मातीत मारून घ्या, नंतर ते नीट होत नाही.

काचेची बंद कपाटं पावसाळ्यात बुरशीला घर देतात. उघडे रॅक आणि वर-खाली दोन्हीकडे झडपा असलेल्या खिडक्या बऱ्या. कसर लागते ती बहुतेक जुन्या, खळ लावून बांधलेल्या पुस्तकांना, ती वेगळ्या रॅकमध्ये ठेवा. दरवर्षी ऑक्टोबरच्या उन्हात, पण सावलीत, पुस्तकं बाहेर काढून उलटी-पालटी करायची. थेट उन्हात ठेवू नका, बांधणी तडकते. या कामाला आठवी-नववीची मुलं घ्या. आमच्याकडे त्या दोन दिवसांत जितकी पुस्तकं मुलांच्या हाती लागतात तितकी वर्षभर लागत नाहीत.

आणि पाचवीच्या मुलांसाठीचे रॅक चार फुटांहून उंच नकोत. तुम्हाला 'कुठलंही द्या' बंद करायचंय ना, मग पुस्तकाचं मुखपृष्ठ समोरून दिसेल अशी एक तरी तिरपी फळी त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा.

लालबागचा_चाकरमानी

ताई, मी दुसऱ्या गावच्या मुंबई मंडळात खजिनदार होतो. पैसे देणाऱ्यांच्या बाजूनं सांगतो.

आम्ही लोक दहा बाय बाराच्या खोलीतून पैसे साठवून पाठवतो. आम्हाला वाटतं, जे बांधू ते पुढच्या पिढ्यांना दिसावं. स्लॅबचा आग्रह त्यातून येतो. त्यामागे वाईट काही नाही. सभेत आधी त्याचा मान राखा, मग बोला. चिऱ्याची स्वतंत्र इमारत, पुढे पडवी, दर्शनी भिंतीवर मंडळाच्या नावाचा दगड. हे चित्र वास्तुविशारदाकडून रंगीत काढून घ्या आणि मोठं करून टांगा. तोंडी सांगितलेलं लोकांच्या डोळ्यांसमोर येत नाही. वर चढवलेला मजला धोक्याचा आहे हे मात्र अभियंत्याच्या सहीचं पत्र वाचून दाखवा. जवळच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा तंत्रनिकेतनात स्थापत्य विभागाला विनंती केली तर स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या ताकदीची तपासणी, होते, फी भरावी लागते. मंडळ ती आनंदानं भरेल. सही असलेल्या कागदापुढे "काही होत नाही" टिकत नाही.

कागदपत्रं आत्ताच काढा. शाळेच्या जागेचा सातबारा संस्थेच्या नावावर आहे ना? आमच्या गावात तो पन्नास वर्षं मूळ जमीन देणाऱ्याच्याच नावावर होता, बक्षीसपत्र कधी झालंच नव्हतं. वारस मुंबईत, नाशकात, एक अमेरिकेत. दोन वर्षं त्यात गेली, आणि तोवर देणगीदार दमले. जागा गावठाणात आहे की बाहेर, त्यावर बांधकामाची परवानगी कुणाकडून हे ठरतं, तेही तलाठ्याकडून आणि ग्रामपंचायतीतून आधी पक्कं करा.

पैसे संस्थेच्या खात्यात, वेगळ्या नोंदीनं, आणि टप्प्यांनी: जोतं, लिंटल, छप्पर. प्रत्येक टप्प्याला फोटो आणि अभियंत्याची सही. शेवटचा हप्ता पहिला पूर्ण पावसाळा गेल्यावरच द्यायचा, हे ठेकेदाराच्या करारात आधी लिहा. कौलं गळली तर तो धावत येतो. संस्थेकडे देणगीवरच्या आयकर सवलतीची (८०जी) नोंदणी असेल तर पावती द्या, नोकरी करणारे मोठी रक्कम द्यायला तयार होतात.

अजून एक मागणी सभेत ठेवाच. १८ लाखांपैकी सगळे भिंतींवर घालू नका. थोडी रक्कम मुदत ठेवीत ठेवा आणि व्याजातून दरवर्षी नवी पुस्तकं. इमारतीवर नाव कोरायला माणसं मिळतात, दर जूनला पुस्तकं घ्यायला मिळत नाहीत.

पुस्तकवाल्या_बाई

सगळ्यांचे आभार. तुम्ही इतकं मनावर घ्याल असं वाटलं नव्हतं.

आठ फूट सोडायची कल्पना मी पाटावर खडूनं काढून मुख्याध्यापकांना दाखवली. ते म्हणाले, ही पडवी तर आपल्याच शाळेची पुढे वाढलेली दिसेल. 'सांध्यात पाणी शिरतं' म्हणणाऱ्या दोघांपैकी एक सुतारकाम जाणतात. छपरं एकमेकांत घुसणारच नाहीत हे कळल्यावर त्यांनी स्वतःच चाचणी खड्डा खणायला माणूस दिला. अडीच फुटांवर कातळ लागला, जुना पायाही त्याच कातळावर बसलेला आहे. काचेच्या पट्ट्या लावून झाल्या.

स्वयंपाकघर पश्चिमेला, मागच्या अंगणात आहे, वाचनालयापासून सर्वांत लांब. सातबारा काढला. संस्थेच्या नावावर आहे, पण गडग्याकडची एक पट्टी शेजाऱ्यांच्या गटात पडते असं नकाशा सांगतो, म्हणून मोजणीसाठी अर्ज केलाय. पत्रासाठी तंत्रनिकेतनाकडे विनंती संस्थेच्या लेटरहेडवर गेली आहे. शिमग्याच्या आत उत्तर आलं तर बरं, नाही आलं तरी 'वर मजला' हा विषय उत्तर येईपर्यंत मतदानाला ठेवायचा नाही, असं अध्यक्षांनी मान्य केलंय.

एकच शंका राहिली. आग्नेय कोपऱ्यातला फणस. समितीतले काही जण म्हणतात मुळं पाया उचलतील, आधीच तोडून टाका. मुलं सुट्टीत त्याच्याखाली डबा खातात. ठेवता येईल का?

निवृत्त_उपअभियंता

ठेवता येईल. खोडापासून नव्या भिंतीपर्यंत किती अंतर राहतं ते फितीनं मोजा. बारा फूट मिळाले तरी पुरे. कमी भरलं तर खोली उत्तरेकडे सरकवा, तुमच्याकडे त्या बाजूला पटांगण आहे. खाली अडीच फुटांवर कातळ आहे, पाया त्यात खाच घेऊन बसवला की मुळं त्याला उचलणार नाहीत. चर खणताना आडवं आलेलं मूळ कोयत्यानं तोडू नका, करवतीनं साफ कापा, आणि मनगटाहून जाड मूळ लागलं तर तोडण्याआधी चर थोडा हलवता येतो का पाहा. नव्या छपरावर झुकणाऱ्या फांद्या जोतं झाल्यावर, कैच्या चढायच्या आधी छाटून घ्या. पिकलेला फणस कौलांवर पडला तर एकावेळी आठ-दहा कौलं जातात.

मोजणीची तारीख लागली की शेजाऱ्यांनाही बोलवा, हद्दीच्या खुणा त्यांच्यासमोरच ठोका. आणि उताराचा नकाशा हद्द पक्की झाल्यावरच अंतिम करा, ते चौदा फूट कमी भरू शकतात.